चपटी की गोल

देवबागेत लोखंडाचं आयुष्य मी बोटांवर मोजतो.
दाराची कडी दोन पावसाळे, सायकलची साखळी एक,
आणि बेसच्या गोल गुंडाळीच्या तारा
सव्वीस दिवस.
एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र,
मधल्या वाळूच्या पट्टीवर घर, घरामागे पत्र्याची शेड,
शेडीत पोट उघडून पडलेली बोटींची इंजिनं
आणि खिळ्याला टांगलेली माझी गिटार.
मीठ कुठल्या बाजूने येतं, विचारू नका.

नव्या असतात तेव्हा काय वाजतात त्या!
पितळी घंगाळाच्या काठावरून चमचा ओढावा
तशी प्रत्येक सुराच्या टोकाला धार.
मग फेऱ्याफेऱ्यांमधल्या बारीक खाचांतून
घाम, मीठ, इंजिनचं ग्रीस, जेवणातल्या सुरमईचं तिखट
बसत जातं,
सूर उशीत तोंड खुपसून बोलू लागतो.
मी तारा उकळल्यासुद्धा. भाताच्या टोपात, व्हिनेगर घालून.
आई आठ दिवस त्या टोपाला शिवली नाही.
तारा चार रात्री जगल्या.

मडगावचा दुकानदार फोनवर म्हणाला, फ्लॅटवाउंड घाल.
चपट्या पट्टीची गुंडाळी, खाच नाही, कुसळ नाही,
वर्षानुवर्षं बघायला नको.
किती?
चार हजार सहाशे.
एवढ्यात इंपेलर येतात पाच.
आणि आवाज?
तो जरा थांबला. "तांदळाच्या गोणीवर मूठ मारावी तसा.
पण गोड."

पार्सल आलं तेव्हा बापसाच्या हातात दोन्ही दिल्या,
एक जुनी गोल, एक नवी चपटी.
चाळीस वर्षं गरवलेला अंगठा
त्याने डोळे मिटून दोघींवरून फिरवला.
"ही धरता," गोल तारेला म्हणाला.
"ही सोडता."
आणि उठून होडीकडे गेला.
याला सल्ला म्हणायचं का, ते अजून ठरलेलं नाही.

मी चपट्या चढवल्या.
ताण वाढला, मान पुढे आली,
आतला रॉड पाव फेरा पिळला, पुन्हा पाव.
पहिला सूर छेडला आणि फळीवरच्या डब्यात
सुटे नट हलले.
चपट्या तारेचा सूर गोल असतो,
ही गंमत दुकानदाराने सांगितली नव्हती.
बोटं सरकवली तर काहीच नाही,
ओल्या वाळूवरून कुर्ली गेल्यासारखं.

शनिवारी रिसॉर्टच्या अंगणात
पावलीन आल्मेडा कडव्याला अर्धी मात्रा उशिरा आली.
एकदा नाही, तीनदा.
उल्हास धुरीने ड्रमच्या कडेवर काठी आपटून तिच्याकडे बघितलं.
अकरा वर्षं गाते ती आमच्यात.
ताप असतानाही वेळेवर आलेली बाई.

मागे जनरेटरपाशी तिने मला गाठलं.
"तुझी ती किरकिर खंय गेली?"
कसली किरकिर?
"बोटां सरकताना व्हायची ती.
मी तिच्यावरच तर उचलतंय."

अकरा वर्षं मी ती लपवत होतो.
बोटांना पावडर, तारांना तेल,
कणकवलीच्या रेकॉर्डिंगवाल्याची हात जोडून माफी.
आणि अकरा वर्षं, दोन हात अंतरावर,
कुणीतरी नेमकं तेवढंच ऐकत होतं.

तारा बदलल्या नाहीत. चार हजार सहाशे म्हणजे चार हजार सहाशे.
जुन्या गोल तारेने बापसाने
कुर्ल्यांच्या पिंजऱ्याचं दार बांधलं,
गंजेल तेव्हा गंजेल.
मी आता वरच्या पट्टीकडे जाण्याआधी
नाकाने श्वास ओढतो, जरा मोठ्याने.
पाहुण्यांना वाटतं, सर्दी.
पावलीन तेवढ्यावर येते.